डॅशहुंड घरात आणून चौदा महिने झाले, त्याचा अनुभव

"असा एक आम्हीपण घेऊ का?" हे गेल्या वर्षभरात मला पाच-सहा जणांनी विचारलं. आमच्या डॅशहुंड कुत्र्याचे फोटो पाहूनच विचारतात. आखूड पाय, लोंबते कान, तांबूस अंगाला चकाकी, मांडीवर मावेल एवढा आकार. दरवेळी फोनवर माझं उत्तर लांबतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आमचा गेल्या वर्षी मे महिन्यात आला, ऐन आंब्याच्या धामधुमीत. डोंबिवलीचा मावसभाऊ परदेशी निघाला होता, त्याने पाच महिन्यांचं पिल्लू आमच्या ओटीवर आणून सोडलं. आम्ही देवगड तालुक्यात राहतो, घराला लागूनच कलमं. मुलीने नाव ठेवलं बाबल्या. आईचा विरोध, कारण तिच्या माहेरी त्या नावाचे दोन काका. शेजारचे आजोबा बघायला आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ह्यो कुत्रो नाय रे, मुंगूस आसा."

आजोबांनी थट्टा केली, पण वर्म बरोबर पकडलं. ही जात मूळची जर्मनीची. तिकडे 'डाक्स' म्हणजे बॅजर, बिळात राहणारा चिवट प्राणी, आणि 'हुंट' म्हणजे कुत्रा. बॅजरच्या बिळात शिरून त्याला अडवायचं, हे याचं पिढीजात काम. बिळात मालक सोबत नसतो. पुढे जायचं की मागे फिरायचं, हे त्या अंधारात कुत्र्यानेच ठरवायचं. त्यामुळे हाक मारल्यावर बाबल्या थांबतो, पुढचा एक पाय उचलून मान वळवतो, माझ्याकडे नीट बघतो आणि मग जिकडे चालला होता तिकडेच जातो. ऐकू येतं, कळतंही. फक्त पटत नाही. सुरुवातीचे दोन महिने मी ओरडून बघितलं, त्याने माझाच घसा बसला. आता खिशात सुक्या बांगड्याचे तुकडे ठेवतो. मीठ असतं, म्हणून नखाएवढेच. त्यावर दहातल्या सात वेळा येतो. याहून जास्त हवं असेल तर दुसरी जात बघा.

उकरण्याबद्दल आधीच सांगतो. आईचे हळदीचे वाफे पहिल्या पावसातच गेले. माडाच्या आळ्यात तो कानापर्यंत आत जातो, मागून नुसती शेपटी दिसते. उंदीर मात्र घरातून गेले, मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, घुशीचं एक बीळ होतं तेही ओस पडलं. याच गुणाने शेजारच्या काकींची गावठी कोंबडीही गेली. सहाशे रुपये दिले आणि महिनाभर मान खाली घालून चाललो.

ऑक्टोबरातली एक संध्याकाळ विसरणार नाही. मांगराच्या मागे नारळाच्या सोडणांचा ढीग होता, तिथे बाबल्या भुंकत होता. याचा आवाज अंगाच्या मानाने फार मोठा, त्यामुळे आधी मी लक्ष दिलं नाही. मग भुंकण्याच्या मधल्या फटीत करवतीने लाकूड घासावं तसा आवाज आला. फुरसं. वेटोळं घालून अंगावरचे खवले एकमेकांवर घासत होतं, आणि याचं नाक त्याच्यापासून हातभर लांब. हाक मारून उपयोग नव्हता, हे मला तोवर कळलं होतं. मागून जाऊन छातीचा पट्टा धरून उचलला. त्या दिवसापासून दिवेलागणीनंतर दोरीशिवाय बाहेर नाही. सोडणांचा ढीग घरापासून लांब हलवला. सर्पदंशाचं इंजेक्शन जनावरांसाठी जवळ कुठे मिळतं, याची चौकशीही करून ठेवली. कोकणात हा कुत्रा पाळणाऱ्याने ती आधीच करावी. साप दिसला की गावठी कुत्रा बहुधा लांबून भुंकतो, हा जवळ जातो.

आता पाठ. खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती. पाय आखूड ठेवणारी जी जन्मजात घडण, तीच मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक करते. मग उडी, जिना किंवा जास्तीचं वजन यांपैकी काहीही पुरतं. गणपतीत वाडीतल्या प्रत्येकाने याला काही ना काही भरवलं आणि आठ किलोचा कुत्रा सव्वादहा किलोचा झाला. नोव्हेंबरात एका सकाळी कोपऱ्यातून उठेना. पाठ कमानीसारखी, हात लावला तर किंचाळला. डॉक्टरांनी वेदनेचं औषध दिलं आणि सहा आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली. मागचे पाय ओढायला लागला तर तासाभराचाही उशीर करू नका, असं बजावलं. आंब्याच्या दोन पेट्या जोडून पिंजरा केला. शीसाठी उचलून न्यायचं, तेही एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, पाठ आडवी सरळ ठेवून. सुदैवाने सावरला. ओटीच्या चिऱ्याच्या चार पायऱ्या त्याला आता बंद आहेत, तिथे फळी टाकून वर गोणपाट ठोकलंय. जेवण मोजून. वजन साडेआठवर आहे.

पावसाळा या कुत्र्याला मानवत नाही. पोट जमिनीपासून चार बोटं वर, त्यामुळे खळ्यात, म्हणजे अंगणात, गेला की पोटाला चिखल आलाच. घरी आल्यावर पुसून कोरडा करायचा, नाहीतर खाज सुटते. कान आतून बघायचे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधायची. आमच्याकडे लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, भीती असते, म्हणून रेबीजबरोबर ती लसही दरवर्षी चुकवत नाही. खाणं, गोचिडीची गोळी आणि किरकोळ औषधं धरून महिन्याला अडीच हजारांच्या आसपास जातात.

दोघंही नोकरीला जाणारे आणि घर दिवसभर बंद, अशांनी घेऊ नये. हा एकटा राहिला की भुंकतो आणि दाराची चौकट कुरतडतो. लहान मूल उचलून-पाडून खेळणारं असेल तरीही नको. नुसती राखण हवी असेल तर वाडीतलं गावठी पिल्लू घ्या, आपल्या हवेत तेच जास्त टिकतं. पण घरात सतत कोणीतरी असेल आणि आपलं न ऐकणाऱ्याचं तुम्हाला हसू येत असेल, तर विचार करा. आमच्या आईला येतं. दुपारी तिच्या पायाशी तो असा पसरतो की तिला उठता येत नाही, आणि मग ती मलाच पाणी आणायला सांगते.

सध्या पाऊस लागलाय. फळीवरचं गोणपाट रोज भिजतं म्हणून आईने दुसरं शिवलं. एक वाळत टाकायचं, एक लावायचं. कोरडं लावेपर्यंत बाबल्या वरच बसून राहतो.