नदीचं, झिऱ्याचं पाणी पिणाऱ्या पाड्यांसाठी काय घ्यावं: उकळणं, मेडिक्लोर, फिल्टर की आरओ?

अक्कलकुवा, धडगावकडे सातपुड्याच्या डोंगरात आणि नर्मदेच्या काठावर अजूनही कितीतरी पाडे असे आहेत जिथे पिण्याचं पाणी नदीतून, नाल्यातून नाहीतर वाळूत खणलेल्या झिऱ्यातून येतं. पावसाळा तोंडावर आला की कुणी ना कुणी विचारतंच, पाड्यासाठी किंवा आश्रमशाळेसाठी नक्की काय घेऊ, आरओ बसवू का, मेडिक्लोर, म्हणजे पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध, वाटलं की झालं का, फिल्टर घ्यायचा तर कुठला. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहितोय.

आधी एक गोष्ट नीट कळली पाहिजे. पाण्यातले बॅक्टेरिया वेगळे आणि परजीवी वेगळे. जियार्डिया, अमीबा आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे तिघं पाण्यात सिस्टच्या रूपात असतात, म्हणजे जाड कवचात बंद, आणि त्या कवचामुळेच ते चिवट. माणसाच्या विष्ठेतून येतात, क्रिप्टो तर वासरांच्या शेणातूनही येतो, आणि पहिल्या जोरदार पावसात डोंगरउतारावरचं सगळं धुऊन नदीत उतरतं. मोठ्या माणसाला चार दिवस पोट बिघडून बरं वाटेल पण दोन वर्षांच्या आतल्या बाळाला, त्यातही आधीच वजन कमी असलेल्या बाळाला, क्रिप्टोची हगवण लांबते आणि पोर खंगत जातं. 2013 साली आफ्रिका आणि आशियातल्या सात देशांचा मोठा अभ्यास आला, त्यात आपलं कोलकाताही होतं, त्यात लहान बाळांच्या गंभीर अतिसारामागे रोटाव्हायरसच्या खालोखाल क्रिप्टोचं नाव निघालं. कुपोषणावर एवढं बोलतो आपण, तर या पाण्याबद्दलही तेवढंच बोललं पाहिजे.

आता क्लोरीन, कारण सगळ्यात जास्त तेच वापरलं जातं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, आशाताई घरी मेडिक्लोरची बाटली देतात. स्वस्त आहे, वीज लागत नाही, आणि कॉलरा, टायफॉइडसाठी खरंच उत्तम. पण परजीवींचं गणित बघा. साधारण 25 अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरला 1 मिलीग्रॅम क्लोरीन असेल तर इ. कोलाय हा बॅक्टेरिया एका मिनिटाच्या आत मरतो, जियार्डियाला सुमारे 45 मिनिटं लागतात, आणि क्रिप्टोला 10 दिवसांपेक्षा जास्त. म्हणजे क्रिप्टोपुढे मेडिक्लोरचा काही इलाज नाही. अमीबाच्या सिस्टही नेहमीच्या डोसला दाद देत नाहीत. अमेरिकेत मिलवॉकी शहरात 1993 मध्ये क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातूनच अंदाजे चार लाख लोक क्रिप्टोने आजारी पडले होते, आणि तिथे सगळी यंत्रणा होती. शिवाय गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्च होतं, आणि टीसीएलचं पोतं उघडं राहिलं तर पावडरीचा दम निघून जातो, म्हणून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी चाचणी, करून पिवळा रंग येतोय का ते बघायलाच हवं. जियार्डियाचा विचार करून अर्ध्या तासाऐवजी तासभर थांबा, थंडीत अजून जास्त.

फडक्याने गाळणं. आपल्याकडे जुनी माणसं यावर फार विश्वास ठेवतात आणि त्याला कारण आहे, नारू. नारूचा जंतू पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक किड्यातून पोटात जायचा, तो किडा जेमतेम डोळ्याला दिसण्याएवढा मोठा, म्हणून दुपदरी फडक्यात अडकायचा. पाणी गाळून आणि पायविहिरी बंद करूनच देशातून नारू गेला, शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पण क्रिप्टो 4 ते 6 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे, जियार्डिया 8 ते 12 चा, ते फडक्यातून सरळ खाली जातात. गाळा जरूर, गाळ आणि काडीकचरा निघतो, तुरटी फिरवून रात्रभर निवळू दिलं तर बऱ्याच सिस्ट तळाशी बसतात, पण ही पूर्वतयारी झाली, इलाज नाही.

उकळणं मात्र सगळ्यांना मारतं, क्रिप्टोसकट. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, बस, सातपुड्याच्या उंचीला जास्त लागत नाही. अडचण सरपणाची. एक लिटर पाण्याला साधारण किलोभर लाकूड धरतात, घरात पाच माणसं असतील तर दिवसाचा भारा किती होतो बघा, आणि तो डोक्यावरून आणणारी बाई कोण हे सांगायला नको, वर धूर तिच्याच डोळ्यात. म्हणून सगळ्या घराचं पाणी उकळा असं सांगणं मला पटत नाही. पण पाच वर्षांखालच्या पोरांचं, गरोदर बाईचं आणि आजाऱ्याचं तेवढं तरी उकळावं, रात्रीच्या चुलीच्या उरलेल्या विस्तवावर होऊन जातं.

फिल्टरमध्ये तीन प्रकार धरा. सिरॅमिक कँडलचा फिल्टर तालुक्याला मिळतो, पण कँडल 1 मायक्रॉनची आहे का ते विचारून घ्या, आणि बारीक तडा गेला की तो फिल्टर नुसतं पाण्याचं भांडं उरतो. बादलीला लावायचा पोकळ धाग्यांचा 0.1 मायक्रॉनचा फिल्टर परजीवींना पूर्ण अडवतो, वीज नको, फक्त सिरिंजने उलटं पाणी मारून धुवावा लागतो, आणि माझ्या मते घरगुती वापराला आज सगळ्यात चांगला हाच, पण सुटा भाग हरवला तर पाड्यावर कुठून आणायचा हे घेतानाच ठरवा. तिसरा वाळूचा बायोसँड फिल्टर, सिमेंटच्या पेटीत वाळूचे थर. वाळूवर जिवंत थर धरायला दोन ते चार आठवडे जातात, तोवर घाई करायची नाही, नंतर मात्र परजीवी जवळजवळ सगळे अडतात. रोज पाणी ओतलं पाहिजे, जड असल्याने हलवता येत नाही, पण वर्षानुवर्षं चालतो. मूळ तत्त्व आपल्या झिऱ्याचंच, म्हणूनच झिऱ्याचं पाणी वाहत्या नदीपेक्षा बरं असतं, फक्त तो गुरांच्या वाटेपासून लांब आणि काठाला गोल कठडा करून ठेवलेला हवा.

उन्हात पारदर्शक बाटल्या ठेवण्याचा उपाय उन्हाळ्यात बॅक्टेरियासाठी ठीक, सहा तास कडक ऊन लागतं. क्रिप्टोला त्याहून जास्त, आणि गरज असते नेमकी पावसाळ्यात, तेव्हा ऊनच नसतं.

आरओबद्दल स्पष्ट लिहितो, कारण देणगीदार बहुतेक तेच आणतात. मशीन चांगलं, परजीवी सगळे अडवतं, पण वीज, दाब, मेंब्रेन, मेकॅनिक चारही लागतात, आणि लिटरभर चांगल्या पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं, जिथे पोरं डोंगर उतरून हंडे आणतात तिथे हे कसं चालेल. क्षार, फ्लोराइड जास्त असेल तरच आरओ. नदीच्या पाण्याला साधा गाळणीचा प्लांट आणि नंतर यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, पुरतं, कारण यूव्हीने क्रिप्टोही निकामी होतो, फक्त पाणी नितळ हवं.

तर माझी निवड अशी. घरासाठी: गाळून, निवळून, फिल्टर, त्यावर मेडिक्लोर, कारण फिल्टर सिस्ट अडवतो आणि त्यातून निसटणाऱ्या व्हायरसचं क्लोरीन बघतं. फिल्टर परवडत नसेल तर लहान पोरांपुरतं उकळलेलं आणि बाकीच्यांना मेडिक्लोर. आश्रमशाळेसाठी वाळूच्या फिल्टरची टाकी, वीज नियमित असेल तर यूव्ही, आणि शेवटी क्लोरीन. काहीही घेतलं तरी पाणी काढायला ओगराळं किंवा तोटी हवी, नाहीतर पेला बुडवताना हाताबरोबर सिस्ट परत आत जातात. पैसे उरले तर पाण्याच्या वरच्या अंगाला शौचालय कुठे आहे ते आधी बघा, आणि कँडल कोण धुणार, सिरिंज कुणाकडे राहणार, त्या माणसाचं नाव ठरवूनच फिल्टर आणा.