भंगार म्हणून सोडलेला कॅट

गायमुखचा घाट चढताना आमची २०१६ ची पेट्रोल गाडी दम टाकायला लागली, म्हणून ठाण्यात वागळे इस्टेटजवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने दहा मिनिटांत सांगितलं, "साहेब, कॅट चोक झालाय. कापून सरळ पाइप टाकतो, मग पिकअप बघा." मजुरी साडेतीन हजार. "जुना राहू द्या इथेच, भंगार आहे." मी वर चहापाण्याला दोनशे दिले. ते दोनशे अजून टोचतात.

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा, सायलेन्सरच्या आधीचा डबा. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम ह्या महागड्या धातूंचा पातळ थर. मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर रात्रीतून गायब होतात ते ह्यासाठीच. त्या बातम्या वाचून मी हळहळलोही होतो. माझा तर भरदिवसा, माझ्यादेखत आणि वर मजुरी घेऊन गेला!

गाडी घाट चढली, हे खरं. फक्त आवाज फुटका आणि सिग्नलला उभं राहिलं की उग्र वास. चार महिन्यांनी पीयूसीला गेलो. माझ्यासारख्या बीएस-४ (प्रदूषण नियमांचा टप्पा) पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के, माझा आकडा १.९. मशीनवरचा पोरगा म्हणाला, "काका, गाडीला कॅट आहे ना?"

कळव्याच्या दुसऱ्या मिस्त्रीने गाडी लिफ्टवर घेतली. कॅटच्या कामावर नजर ठेवणाऱ्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली बुश (पोकळ नळीचा तुकडा) घालून तो वर उचललेला. चेक इंजिनचा दिवा पेटू नये म्हणून केलेली युक्ती. मग स्पार्क प्लग काढून बघितले, तर चारही नवेकोरे. "अहो, दुखणं ह्यांचंच होतं. त्याने गुपचूप बदलले. कॅट चोक आहे म्हणाला, तर बॅक प्रेशर, म्हणजे मागे तुंबलेल्या धुराचा दाब, मोजून दाखव म्हणायचं होतं."

पहिल्याकडे गेलो. "तुम्हीच काढायला सांगितलंत. बिल आहे का?" बिल कुठलं, व्हिजिटिंग कार्डामागे पेनने लिहिलेला आकडा. तक्रार तरी काय करणार? काढायला हो म्हणालो तो मीच.

नवा कॅट ३८ हजारांना पडला. बसवताना स्टूल टाकून तिथेच बसलो, डब्यावरच्या नंबराचा फोटो काढला. मिस्त्री म्हणाला, "काका, वेल्डिंगच्या ठिणग्या उडतायत, मागे सरका."

मी सरकलो नाही.