तक्रार अपील समितीचं पोर्टल: खातं बंद झालेल्यांनी वापरावंच असं

सोशल मीडिया किंवा मेसेजिंग अ‍ॅपवरचं खातं बंद झालं की कंपनीचा शब्द शेवटचा, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने आयटी नियमांत (अशा कंपन्यांना लागू असलेल्या २०२१ च्या नियमांत) दुरुस्ती केली आणि कंपनीच्या निर्णयावर अपील ऐकणाऱ्या समित्यांची तरतूद केली. जानेवारी २०२३ मध्ये अशा ३ समित्या नेमल्या गेल्या, १ मार्चपासून काम सुरू झालं. नाव ग्रिव्हन्स अपेलेट कमिटी. अर्ज, कागदपत्रं, निकाल, सगळं पोर्टलवरच होतं. मी वहिनीच्या प्रकरणात ही सेवा वापरली आणि माझं मत चांगलं आहे.

वहिनी सांगलीत कांदा-लसूण मसाला आणि फराळ करून विकते. ऑर्डरी सगळ्या एका मेसेजिंग अ‍ॅपवर. दिवाळीच्या तोंडावर तिचा नंबर बंद झाला. स्क्रीनवर ‘नियमांचा भंग’ एवढंच. कोणत्या नियमाचा, कधी, काही नाही. ‘भाऊजी, मी मसाला विकते हो, दुसरं काय करते?’ असं ती विचारत होती आणि उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

अ‍ॅपमध्ये फेरतपासणीचं बटण असतं, ते आम्ही दाबलं. थोड्याच वेळात ठरावीक साच्यातला नकार आला. बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि थांबू नये ते इथेच. ते बटण म्हणजे कायद्यातली तक्रार नव्हे. २०२१ च्या याच नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असतील तर तो भारतात राहणारा असावा लागतो. त्याचं नाव-पत्ता वेबसाइटवर देणं बंधनकारक आहे, पण ते पार तळाशी, बारीक अक्षरांत सापडतं. त्याने २४ तासांत पोच द्यायची असते. समितीकडे जायचं तर आधी त्याच्याकडे जावंच लागतं.

आता पत्राबद्दल, कारण सगळी मदार त्यावर आहे. वहिनीने आधी लिहिलं होतं ते मनापासूनचं होतं: घर यावर चालतं, मुलीची फी भरायची आहे, कृपा करा. वाचून माझ्या पोटात तुटलं. पण समोरच्याने पडताळून पाहावं असं त्यात काही नव्हतं. मग आम्ही बसून पुन्हा लिहिलं. नंबर कोणता, बंद कोणत्या तारखेला झाला, स्क्रीनवर नेमके शब्द काय होते, त्याचा स्क्रीनशॉट. पुढे सरळ प्रश्न: कोणता नियम मोडला? आमचा अंदाज होता की फराळाची यादी एकदम बऱ्याच जणांना गेली म्हणून यंत्राने तिला स्पॅम ठरवलं असावं. म्हणून तिच्या ऑर्डरीच्या वहीची पानं जोडली. गिऱ्हाइकांनी स्वतः आपले नंबर त्यात लिहून दिलेले आहेत, तारखांसकट. (नंबरांचे मधले आकडे झाकले, दुसऱ्यांची माहिती उघडी पाठवू नये.) सोबत उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आणि एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेचं, प्रमाणपत्र. दीड पानात सगळं बसलं.

अधिकाऱ्याचं उत्तर आलं, ‘निर्णय कायम’. मला ते उत्तर हवंच होतं, कारण ते मिळाल्यापासून ३० दिवसांत समितीकडे अपील करता येतं. पोर्टलवर तेच पत्र, तेच पुरावे आणि अधिकाऱ्याचा नकार जोडला. पैसे लागले नाहीत, वकीलही नाही. अपील कंपनीपर्यंत पोहोचल्यावर कंपनीने आपणहून नंबर सुरू केला. इतका वेळ जे कोणी वाचलं नव्हतं, ते कुणीतरी माणसाने वाचलं, एवढाच अर्थ मी त्यातून काढला. समितीचा आदेश निघाला तर कंपनीला तो पाळावा लागतो आणि पाळल्याचा अहवाल आपल्या वेबसाइटवर टाकावा लागतो.

खटकतं ते वेळेचं. समितीने ३० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असं नियम म्हणतो. नोकरदाराला ते चालेल, फराळ विकणाऱ्या बाईचा हंगामच तेवढा असतो. वहिनीची दिवाळी गेली, नंबर नंतर आला. धंद्याच्या खात्यांसाठी तातडीची वेगळी रांग असायला हवी, हे मी ठासून सांगेन. दुसरं म्हणजे, ही सोय गावोगावच्या बचत गटांना कुणी सांगत नाही. तालुक्याच्या कार्यशाळेत पॅकिंग-लेबल शिकवतात, तिथे हे अर्धा तास सांगितलं तरी पुरे.

या काळात ‘तीन हजारांत खातं परत मिळवून देतो’ म्हणणारे वहिनीला फोन करत होते. एकाने ओटीपी मागितला. असल्यांना काहीही देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आणि आजच, खातं चालू असताना, गिऱ्हाइकांचे नंबर कागदावर उतरवून ठेवा. वहिनीकडे वही होती म्हणून तिने भावाच्या फोनवरून निम्म्या ऑर्डरी तरी वाचवल्या.