हवामान बदलाची एमएस्सी, नागपुरात: दोन वर्षांचा माझा अनुभव

मी काटोल तालुक्यातली. घरी अडीच एकर संत्र्याची बाग आहे, बाबा अजून स्वतः बघतात. मी नागपुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. २०२३ मध्ये बिनपगारी रजा टाकून हवामान बदल आणि पर्यावरणीय शाश्वतता या विषयाच्या एमएस्सीला प्रवेश घेतला आणि २०२५ च्या उन्हाळ्यात पदवी पूर्ण केली. कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही. खाली तक्रारीही आहेत, आणि त्या ज्यांच्या कानावर जायला हव्यात त्यांना मी लेखी दिल्या आहेत. असा अभ्यासक्रम शोधणाऱ्यांना काय बघून प्रवेश घ्यावा हे कळावं, म्हणून हे लिहिते आहे.

प्रवेशाच्या मुलाखतीत मी मोठ्या आवेशाने सांगितलं की आमच्या बागेत दरवर्षी फळगळ वाढते आहे, हे हवामान बदलामुळे होतंय आणि मला ते सिद्ध करायचंय. समोरच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "बागेत पर्जन्यमापक आहे का?" नव्हता. पाऊस किती पडला हे आम्ही विहिरीकडे बघून सांगायचो. मॅडमनी मान डोलावली आणि पुढच्या मुलाला बोलावलं. प्रवेश मिळाला, पण तो प्रश्न दोन वर्षं पुरला.

वर्ग सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि २३ सप्टेंबरची ती पहाट आली. चार-पाच तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी घराघरांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, मोरभवनचं बसस्थानक, सगळीकडे पाणी. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरात कमरेपर्यंत चढलं होतं, तिची बारावीपर्यंतची सगळी प्रमाणपत्रं गेली. चिखल उपसायला आम्ही सगळे गेलो. त्यानंतरच्या आठवड्यात सरांनी प्रत्येकाच्या हातात मोजपट्टी दिली आणि सांगितलं, भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा पुसल्या जाण्याआधी मोजून घ्या. दारोदार जाऊन रस्त्यापासून खूण किती उंच, पाणी किती वाजता शिरलं, किती वाजता उतरलं, ते लिहायचं. लोक दमलेले होते, चिडलेले होते. एका आजोबांनी आम्हाला मनपाचे समजून आधी चांगलं झापलं, मग चहा दिला आणि १९९० च्या दशकात तिथे नाल्याची रुंदी किती होती ते हातवारे करून दाखवलं.

नकाशावर त्या खुणा मांडल्यावर एक गोष्ट समोर आली. पाऊस मोठा होताच. पण नदीच्या पात्रात उभी राहिलेली बांधकामं, अरुंद पूल आणि कचऱ्याने भरलेले नाले यांनीही पाण्याची उंची वाढवली होती. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते, दर अंशामागे साधारण सात टक्के, आणि म्हणून मुसळधार पाऊस आणखी मुसळधार होतो, हे आम्ही त्याच आठवड्यात शिकलो. पण पुराचं सगळं खापर त्या सात टक्क्यांवर फोडायचं नाही, हेही त्याच आठवड्यात शिकलो. भूगोलाची शिक्षिका म्हणून सांगते, हे पुस्तकातून शिकवता येत नाही.

या अभ्यासक्रमात मला सर्वांत मोलाची वाटली ती प्रयोगशाळा, आणि त्यातही पाण्याची. नाग नदी वाडीकडच्या लाव्हा टेकड्यांतून येते, अंबाझरीत उतरते, शहर ओलांडून पिवळी नदीला मिळते आणि कन्हानमार्गे वैनगंगेकडे जाते, म्हणजे शेवटी गोसीखुर्दच्या जलाशयात. आम्ही अंबाझरीच्या वरून सुरुवात करून पारडीच्या पुढे जाईपर्यंत ठिकठिकाणी बाटल्या भरल्या. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन बघायची विंकलरची जुनी पद्धत आहे: बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड टाकायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी गाळ बसतो, नसेल तर पांढरा. वरच्या बाटल्यांत तपकिरी गाळ आला. शहराच्या मध्यापासून पुढे तो फिकट होत गेला. शेवटच्या बाटलीत पांढराशुभ्र गाळ खाली बसताना आम्ही नऊ जण टेबलाभोवती उभे होतो आणि कोणी काही बोललं नाही. या नदीच्या नावावरून आपल्या शहराचं नाव पडलं.

बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात ती चाचणी, करताना आणखी एक गोष्ट कळली. परदेशी पुस्तकांत ही चाचणी वीस अंशांवर पाच दिवस ठेवतात. आपल्याकडच्या मानकात ती सत्तावीस अंशांवर तीन दिवस असते, कारण आपलं पाणीच मुळात उबदार. बाहेरचे आकडे तसेच्या तसे उचलून आपल्या नदीला लावायचे नाहीत, हे त्या एका इनक्युबेटरने शिकवलं.

उन्हाळा हा नागपूरकरांचा हातखंडा विषय, पण मला उन्हाबद्दल किती कमी माहिती होती ते पहिल्या मे महिन्यात कळलं. सायक्रोमीटर नावाचं एक साधं उपकरण असतं, दोन तापमापक शेजारी शेजारी, एकाच्या टोकाला ओलं फडकं. ते हातात धरून गरगर फिरवायचं आणि दोन्ही आकडे वाचायचे. आम्ही दुपारी दोन वाजता डोक्याला दुपट्टा बांधून महालच्या गल्ल्यांत, इतवारीत आणि सेमिनरी हिल्सच्या झाडांखाली ते फिरवत होतो. ओल्या फडक्याचा आकडा, म्हणजे वेट-बल्ब तापमान, ही घामाने शरीर किती थंड होऊ शकतं त्याची सीमा असते. तो पस्तिसावर गेला तर निरोगी माणूस सावलीत बसूनही स्वतःला थंड ठेवू शकत नाही, असं गणित सांगतं. प्रत्यक्ष प्रयोगांत ही मर्यादा त्याहूनही खाली दिसली आहे.

सरांनी हे कूलरवरून समजावलं, आणि मला वाटतं जगात कुठेही हे इतकं नीट समजावता येणार नाही. मे महिन्यात नागपूरची हवा कोरडीठाक असते, म्हणून वाळ्याच्या ताट्यांतून आलेली हवा गार लागते. जूनच्या मध्यात ढग येतात, हवा दमट होते, पारा उतरतो, तरी तोच कूलर नुसती चिकचिक करतो. तापमान कमी झालं तरी त्रास का वाढतो, हे आमच्या प्रत्येक घरात दरवर्षी दिसतं. त्याला शास्त्रात नाव आहे आणि ते मोजता येतं, हे कळल्यावर मला फार आनंद झाला. आता अकरावीच्या वर्गातही मी हेच उदाहरण देते.

त्याच महिन्यात, ३० मे २०२४ ला, नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश दिसले. दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर तो आकडा होता. शहराचा नोंदलेला उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९ अंश. सरांनी आम्हाला एक तास दिला आणि आसपासच्या केंद्रांच्या नोंदी, वाऱ्याची दिशा, आदल्या दिवशीचा पारा बघून हा आकडा मानायचा की नाही ते ठरवा म्हणाले. आम्ही बहुतेकांनी नाही लिहिलं. नंतर हवामान खात्यानेही सेन्सरमधल्या बिघाडामुळे तो आकडा आल्याचं सांगितलं. जो विषय इतका गंभीर आहे, त्यात एक खोटा आकडा पसरला की दहा खऱ्या आकड्यांवरचा विश्वास जातो. त्या दिवसापासून घरच्या ग्रुपवर कोणतंही तापमान पुढे पाठवण्याआधी मी ते तपासते.

आता संत्र्याचं. चौथ्या सत्रात प्रबंध सादर करायचा होता आणि मी अर्थातच बाग निवडली. हवामानाची सरासरी तीस वर्षांची धरतात, सध्या १९९१ ते २०२० ही. माझ्याकडे बागेच्या उत्पन्नाचे पुरावे म्हणजे व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या आणि बँकेचे कागद, तेही जेमतेम अकरा वर्षांचे. हवामान खात्याचा पावसाचा जाळीदार विदा (नकाशाच्या प्रत्येक चौकोनाला पावसाचा एकच आकडा) वापरला तर त्याचा एक चौकोन साधारण सत्तावीस किलोमीटरचा. आमच्या शिवारात पडलेला आणि शेजारच्या गावात न पडलेला पाऊस त्यात एकच होऊन जातो. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, एवढ्यावर तू हवामान बदल सिद्ध करू शकत नाहीस, तसं लिहिलंस तर मी सही करणार नाही. मी त्या रात्री खूप रडले. मग त्यांनीच विचारलं, फळं गळतात म्हणजे नेमकी कधी गळतात?

मी बाबांसोबत एक पूर्ण अंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा संत्र्याचा हंगाम, मोजला. वीस झाडं निवडली, खाली जाळ्या अंथरल्या, दर रविवारी गळलेली फळं मोजून कापून बघितली. नागपुरातच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिच्या प्रकाशनांतल्या चित्रांशी ताडून पाहिली. एप्रिल-मेमधली गळ वाटाण्याएवढ्या, लिंबाएवढ्या फळांची, ती उन्हाची आणि पाण्याच्या ताणाची. ऑगस्टमधली गळ देठाकडून कुजलेल्या फळांची, ती सलग पावसाने पसरलेल्या बुरशीची. आणि सप्टेंबरनंतर बारीक छिद्र पडलेली फळं, ती रसशोषक पतंगाची. घरात इतकी वर्षं आम्ही या तिन्हींना "हवामान" म्हणत होतो. पहिल्या दोन गळींचं उष्णतेशी आणि पावसाच्या लहरीशी नातं दिसतं, तिसरीवर संध्याकाळी धूर आणि प्रकाश सापळा हा वेगळा उपाय आहे. प्रबंधाचा निष्कर्ष मी मनात योजला होता त्यापेक्षा लहान निघाला, पण बाबांना त्याचा उपयोग झाला. पुढच्या वर्षी पहिल्यांदाच त्यांनी ऑगस्टच्या आधी बागेतलं पाणी काढून द्यायला चर खोदले. "मंग आधी काहून नाही सांगितलं वं?" एवढंच म्हणाले.

आता तक्रारी, आणि त्या मनापासून आहेत.

संख्याशास्त्र आणि संगणक हा या विषयाचा कणा आहे, आणि तोच इथे सर्वांत कच्चा होता. आर ही संगणकीय भाषा दोन शनिवार-रविवारांत उरकली. बाहेरून येणारे शिक्षक स्लाइड वाचून दाखवायचे आणि शंका विचारली की "पुढच्या तासाला" म्हणायचे. तो तास कधी आला नाही. लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमांतून जमिनीचं तापमान काढायला मी रात्री जागून स्वतः शिकले. तो उपग्रह सोळा दिवसांनी एकदा, सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातो, त्यामुळे दुपारचा कडाका आणि टिनाच्या घरांतली रात्रीची धग त्यात दिसतच नाही, हेही मला कोणी वर्गात सांगितलं नाही. यासाठी पूर्ण एक सत्र हवं.

शाश्वततेचा पेपर तर करारांच्या सनावळीत गेला. १९८७ चा ब्रुंटलँड अहवाल, १९९७ चं क्योटो, २०१५ चं पॅरिस, तारखा पाठ करा आणि लिहा. कोराडी आणि खापरखेडा ही कोळशावरची वीजकेंद्रं आपल्या उशाशी आहेत. कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, भारतीय कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते, कोळशावरच्या एका युनिट विजेमागे साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन दिलंय, तेव्हा तिथे काम करणाऱ्या, राखेशेजारी राहणाऱ्या माणसांचं पुढे काय, हा शाश्वततेचा प्रश्न नागपूरने विचारायला हवा. आम्हाला कोराडीची एक भेट घडवली, गेटपासून कंट्रोल रूमपर्यंत आणि परत. शेजारच्या गावात पाऊलही ठेवलं नाही.

भाषेचीही अडचण झाली. सगळी पुस्तकं, सगळ्या प्रश्नपत्रिका इंग्रजी. खेड्यातून आलेली दोन मुलं पहिल्याच सत्रानंतर सोडून गेली, आणि नदीवर काम करताना ती आमच्यात सर्वांत हुशार होती. हे मला आजही सलतं.

खर्चाचं म्हणाल तर फी झेपण्यासारखी होती, पण क्षेत्रभेटींचा प्रवास बराचसा पदरचा झाला. नोकरीबद्दल कॉलेजने दाखवलेली स्वप्नं बाजूला ठेवा. आमच्या वर्गातले दोघे पर्यावरण परिणाम अहवाल करणाऱ्या कंपन्यांत लागले. एक जण एका मोठ्या कंपनीत शाश्वतता अहवाल लिहितो, कारण शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना तो सक्तीचा केला आहे. दोघी नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेची तयारी करताहेत. बाकीचे शोधताहेत. संशोधन करायचं असेल तर नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे, १९५८ पासून, पण तिथल्या पीएच.डी.साठी गणित पक्कं लागतं, ते स्वतः करून ठेवा.

बाबांच्या बागेत आता पर्जन्यमापक आहे. नोंद सकाळी साडेआठला घ्यायची असते, देशभर तीच वेळ. बाबा आठ पंचवीसलाच त्याच्यापाशी उभे असतात.

मी पुन्हा हाच अभ्यासक्रम घेतला असता का? हो, नदी, ऊन, आणि सर व मार्गदर्शक मॅडम या दोन शिक्षकांसाठी. तुम्ही कुठेही प्रवेश घेणार असाल तर माहितीपत्रक वाचत बसू नका. थेट प्रयोगशाळेत जा, बीओडीचा इनक्युबेटर कुठे आहे ते विचारा आणि त्याच्या दारावर तापमानाची रोजची नोंद लावलेली आहे का ते बघा. फी त्यानंतर भरा.