ईमॅक्स, सहा महिन्यांनंतर: तीन लिप्या पेलल्या, एका इमोजीपुढे आडवा

ईमॅक्स म्हणजे मजकूर लिहायचा, सुधारायचा एडिटर. त्याची बटणं किती विचित्र आहेत, ते सगळ्यांना माहीत आहे, ते सोडतो. सोलापुरात पत्रिकेचा मजकूर एकाच लिपीत येईल याची खात्री नसते. वर मराठी, पूर्व भागातली नावं तेलुगूत, अक्कलकोटकडची कन्नडमध्ये, आणि शेवटी व्हॉट्सॲपवरून आलेले जोडलेले हात. २७ व्या आवृत्तीपासून जोडाक्षरं हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी जुळवते, त्यामुळे तिन्ही लिप्या नीट दिसतात. कंट्रोल-एच आणि मग एच दाबा: अनेक लिप्यांतल्या नमस्कारांचं पान उघडतं. जिथे रिकामे चौकोन दिसतील, तिथला फॉन्ट तुमच्याकडे नाही.

आता रडगाणं. इमोजी असलेली फाइल उघडली की खिडकी गायब. ना सूचना, ना काही. टर्मिनलमधून चालवलं तरच ‘बॅडलेंग्थ’ अशी एक्सची, म्हणजे लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेची, चूक छापलेली दिसते. पहिले दोन महिने मी याचा दोष देवनागरी फॉन्टला देत होतो. तो आरोप मागे. डीटीपीच्या मशीनवरचे जुने मराठी फॉन्टही निर्दोष, कारण ते इंग्रजी अक्षरांच्या जागी बसलेले असतात, देवनागरीसाठी ईमॅक्स त्यांना विचारतच नाही.

खरा गुन्हेगार एका ओळीचा. ‘एक्सएफटी-इग्नोर-कलर-फॉन्ट्स’ ही सेटिंग मुळात चालू असते, म्हणजे रंगीत फॉन्ट टाळले जातात. रंगीत इमोजीच्या हौसेपायी कुठून तरी उचलून सेटिंग फाइलमध्ये टाकलेल्या ओळीत ती ‘निल’, म्हणजे बंद, केलेली असते. नोटो कलर इमोजी या रंगीत फॉन्टमधलं प्रत्येक चिन्ह म्हणजे १३६ बाय १२८ पिक्सेलचं चित्र. एक्सवर फॉन्ट काढणाऱ्या जुन्या एक्सएफटी लायब्ररीला ते झेपत नाही, चुकीच्या लांबीची मागणी एक्सकडे जाते आणि अख्खा एडिटर बसतो. लिबएक्सएफटी २.३.५ मध्ये, म्हणजे २०२२ साली, रंगीत चिन्हांची सोय आली.

तपासायचं असं. टर्मिनलमधून ‘उणे मोठा क्यू’ (-Q) देऊन ईमॅक्स चालवा. तेव्हा तुमची सेटिंग फाइल वाचली जात नाही. इमोजीवाली तीच फाइल उघडून आता खिडकी टिकली तर घोळ सेटिंगमध्येच. मग सेटिंग फाइलमधल्या अर्ध्या ओळींपुढे अर्धविराम टाकून त्या बंद करा, पुन्हा अर्ध्या, असं करत जा. ती ओळ सापडली की खोडा. खर्च शून्य. इमोजीच्या जागी चौकोन आले तर सिम्बोला फॉन्ट टाका, काळेपांढरे मिळतील. पत्रिका छापायला रंगीत कशाला हवेत, हा माझा प्रश्न आहेच.

रंगच हवे असतील तर एक्सएफटीऐवजी कैरो या चित्र काढणाऱ्या लायब्ररीवर बांधलेला ईमॅक्स घ्या. २७ मध्ये कैरो मुद्दाम मागावा लागतो, २८ पासून आपोआप येतो. ‘सिस्टम-कॉन्फिगरेशन-फीचर्स’मध्ये कैरो दिसतो का ते कंट्रोल-एच, व्ही करून पाहा. दिसला तर वरची सेटिंग निरुपयोगी, तिच्यामागे वेळ घालवू नका.

तक्त्यातले मराठी रकाने मात्र अजून वाकडेच.

आणि खिडकी गेली म्हणून मजकूर गेला असं नाही. साधारण ३०० बटणांनी किंवा ३० सेकंद हात थांबला की जतन आपोआप होतं. त्याच फोल्डरमध्ये दोन हॅशच्या मधल्या नावाची फाइल शोधा आणि ‘रिकव्हर-धिस-फाइल’ चालवा. पण त्याआधी ती ओळ खोडा, नाहीतर परत आणलेल्या मजकुरातलं तेच इमोजी पुन्हा आडवं पाडेल.