कॅनियनच्या तळाशी मुक्काम: फँटम रँच की मार्बल कॅनियन?

ग्रँड कॅनियन नुसती कठड्यावरून बघायची नाही, खाली कोलोरॅडो नदीपाशी जायचं असं ठरलं असेल, तर राहायला दोन ठिकाणांचा विचार करा.

पहिलं फँटम रँच. वास्तुरचनाकार मेरी कोल्टरने आखलेल्या, 1922 सालच्या दगड-लाकडाच्या केबिन्स अगदी दरीच्या तळाशी आहेत. तिथे रस्ता जात नाही. पायी, खेचरावरून किंवा राफ्टमधून पोचायचं. जागेसाठी 15 महिने आधी लॉटरीत नाव द्यावं लागतं. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: हा उलटा गड आहे. आधी उतार, आणि पाय थकल्यावर चढ. ब्राइट एंजल वाटेने परत येताना सुमारे 1,300 मीटर चढावं लागतं, म्हणजे सिंहगड दोनदा चढूनही थोडा उरतोच. उन्हाळ्यात तळाशी पारा चाळिशी सहज ओलांडतो. ऑक्टोबर किंवा मार्च-एप्रिल बरा. जेवणही आधी सांगून ठेवायचं, शाकाहारी मिळतं. तिथून टाकलेलं पोस्टकार्ड खेचराच्या पाठीवरून वर येतं, आणि तसा शिक्काही त्यावर असतो! निघण्याआधी वाट उघडी असल्याची खात्री करा. पाइपलाइनची कामं आणि वणवे यांमुळे ती बंद राहिल्याचे प्रसंग आहेत.

दुसरं मार्बल कॅनियन. व्हर्मिलियन क्लिफ्सच्या लाल कड्यांखाली, हायवे 89A वर क्लिफ ड्वेलर्ससारखे साधे लॉज आहेत. गाडी थेट खोलीपाशी लागते. जवळच्या लीज फेरी या ठिकाणी तर गाडी नदीकाठापर्यंत जाते. ग्रँड कॅनियनच्या राफ्ट्स इथूनच सुटतात. 1929 च्या जुन्या नव्हाहो पुलावर आता फक्त पायी चालता येतं. खाली 142 मीटरवर हिरवी नदी, आणि नशीब असेल तर कठड्यावर बसलेले काँडोर, म्हणजे तिथली प्रचंड गिधाडं. उन्हाळ्यात पुलाच्या दोन टोकांना घड्याळात तासाचा फरक पडतो, त्यामुळे फोनवर भरवसा ठेवून जेवणाची वेळ गाठू नका. पेट्रोल आणि किराणा पेज गावाहूनच घेऊन या.

मात्र इथली दरी अरुंद आहे. फोटोतली अवाढव्य ग्रँड कॅनियन बघायला साउथ रिमकडे, म्हणजे दक्षिण कठड्याकडे, दोन-अडीच तास गाडी हाकावी लागेल.

भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील तर मी डोळे मिटून मार्बल कॅनियन म्हणेन. ‘खेचर आहे ना’ हा युक्तिवाद करू नका. वजनाची मर्यादा असते, आणि महाबळेश्वरच्या घोड्यावरच्या फेरीचा इथे काही उपयोग नाही. गुडघे शाबूत असलेल्या दोघा-चौघांनी आजच फँटमच्या लॉटरीत नाव घालावं, आणि नंबर लागेपर्यंत जिने चढायला सुरुवात करावी.