शहरात फिरवायला सेकंडहँड गाडी: डिझेल सोडून 1.2 पेट्रोल घेतली, 11 महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी दसऱ्याला सेकंडहँड स्विफ्ट घेतली, 2018 ची, पेट्रोल, मॅन्युअल, 52 हजार किमी झालेली, 4 लाख 65 हजाराला. आता 11 महिने झाले, 6,100 किमी फिरवली. गाडीचे सीट, डिकी वगैरेबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहेच, मला लिहायचंय ते फक्त इंजिनाबद्दल, कारण मी जवळजवळ दोन महिने डिझेलच घेणार म्हणून फिरत होतो.

घरात सगळ्यांचं एकच, डिझेल घे, अ‍ॅव्हरेज देते. आणि ते 1.3 मल्टिजेट डिझेल इंजिन मलाही मनापासून आवडतं. मारुती, टाटा, फियाट, शेवरोले सगळ्यांच्या गाड्यांत तेच 1248 सीसीचं, आपल्या रांजणगावलाही बनायचं, लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे ते उगाच नाही. त्याच स्विफ्टमधे डिझेलला 190 एनएम टॉर्क (ओढायची ताकद) आणि पेट्रोलला 113, कागदावर बघितलं तर पेट्रोल घ्यायचा विषयच येत नाही.

पण मी पुण्यात माणिकबागेत राहतो, ऑफिस शिवाजीनगरला, जाऊन-येऊन अठरा-वीस किमी. सकाळी सिंहगड रोडला पहिला-दुसरा, पहिला-दुसरा, तिसरा गिअर पडला तर नशीब. ते 190 एनएम मिळतात 2000 आरपीएमला, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा) फिरायला लागल्यावर, आणि मी दिवसभर असतो 1000 ते 1800 मधे, म्हणजे ज्यासाठी डिझेल घ्यायची ती ताकद माझ्या रस्त्यावर वापरायलाच मिळत नाही. टेस्ट ड्राइव्ह सगळे मोकळ्या रस्त्यावर घेतात, तिथे डिझेल मस्तच वाटते. मी मुद्दाम संध्याकाळी सात वाजता राजाराम पुलाकडून दोन्ही गाड्या चालवून बघितल्या आणि अर्ध्या तासात निर्णय झाला. पेट्रोलचा क्लच हलका, हाफ क्लचवर रांगत जाते, आणि गाडी डिझेलपेक्षा शंभरेक किलोने हलकी आहे ते पुढचं चाक वळवतानाच कळतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस6 (प्रदूषणाचे कडक नियम) डिझेल गाड्यांना डीपीएफ असतो, धुराची काजळी पकडणारा फिल्टर. तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल सोडून सहाशेएक डिग्रीला ती काजळी जाळते, आणि त्यासाठी इंजिन गरम होऊन पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळायला लागतं. पाच किमी जाऊन बंद, परत पाच किमी जाऊन बंद असं केलं की ते जळणं अर्धवट राहतं, डिझेल खाली ऑइलमधे उतरतं, ऑइलची लेव्हल वाढायला लागते (डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खुश होऊ नका, ते पातळ झालेलं असतं). आमच्या मेव्हण्याच्या डिझेल एसयूव्हीला, कंपनीचं नाव लिहीत नाही, डीपीएफचा लाइट लागला आणि तो दर दोन-तीन आठवड्यांनी रात्री एक्सप्रेसवेवर लोणावळ्यापर्यंत गाडी पळवून आणायचा. मुलांच्या शाळेसाठी घेतलेली गाडी. 2020 च्या आधीच्या छोट्या डिझेलना ही भानगड सहसा नाही, पण त्यात इंजेक्टर, टर्बो, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) हे जुने झालेले, आणि यातलं एक जरी काढायला लागलं तरी वर्षभर वाचवलेले पैसे गेले.

हिशोब पण केला होता, लिहितो. तेव्हा पेट्रोल 104 ने, शहरात एसी लावून मला लिटरला 13.5 मिळतं, म्हणजे 6,100 किमीला साधारण 47 हजार. डिझेलने शहरात 17 दिलं असतं तर साडेबत्तीस हजार. महिन्याला तेराशे रुपये वाचले असते. हे तेराशे खरेच वाचतात, नाही म्हणत नाही, पण महिन्याला पाचशे-साडेपाचशे किमी चालणाऱ्यासाठी तेवढ्यावर जुन्या डिझेलची जोखीम घ्यावी असं मला वाटलं नाही.

सीएनजीचा विचार केला आणि सोडला. पैशाला सगळ्यात स्वस्त तेच, पण डिकी जाते, पंपावर रांग, दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी). आणि बाहेरून किट बसवलेली गाडी घेत असाल तर आरसीवर सीएनजी चढवलंय का आणि इन्शुरन्समधे किट दाखवलंय का ते आधी बघा, दोन ठिकाणी मला आरसीवर नुसतं पेट्रोल दिसलं.

छोटं टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनवालं, चालवायला फार छान, पण जुन्यात नको. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमधे पडतं, इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जातच नाहीत म्हणून तिथे कार्बन बसतो, आणि थांबत-थांबत चालवलं की जास्त. माझ्या के-सिरीज 1197 सीसीत पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधीच पडतं), टर्बो नाही, चार सिलिंडर, टायमिंग चेन, बिघडायला भाग कमी. मे 2024 पासून नवीन स्विफ्टमधे तीन सिलिंडरचं इंजिन आलंय, त्यामुळे सिग्नलला उभं राहिल्यावर स्विफ्टमधे चार सिलिंडरची शांतता ज्यांना हवी त्यांना आता जुन्यातच शोधावी लागेल, मला ती रोज जाणवते.

घेताना काय बघितलं ते सांगतो, हे कुणी टाळू नका. मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगायचं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि गेल्यावर बॉनेटला हात लावून बघायचा, गरम असेल तर परत फिरायचं. थंड इंजिनच खरं बोलतं, चेनची खडखड, निळा धूर, सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडायचं, तिथून भकाभका वाफ-धूर येत असेल तर पिस्टन रिंग गेल्या. झाकणाच्या आत दुधासारखी साय दिसली तर पाणी मिसळतंय का ते नीट तपासून घ्यायचं. आमच्या मिस्त्रीने 800 रुपये घेऊन स्कॅनर लावला आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, चारही आकडे एकमेकांच्या जवळ पाहिजेत. आणि सर्व्हिस हिस्टरी. मी बघितलेल्या एका गाडीचं मीटर 42 हजार दाखवत होतं आणि दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिस बिलावर 71 हजार. विकणारा म्हणाला टायपिंग मिस्टेक.

दिल्ली पासिंगची स्वस्त डिझेल दिसली तर जरा थांबा, तिकडे एनसीआरमधे (दिल्ली आणि आसपास) 2025 पर्यंत 10 वर्षांवरच्या सगळ्याच डिझेलवर बंदी होती म्हणून त्या इकडे यायच्या, इथे आणून एनओसी, परत रोड टॅक्स भरून ती स्वस्त राहत नाही.

आता 11 महिन्यांत काय झालं. क्लच प्लेट बदलली, आधीच्या मालकाला पाय क्लचवर ठेवून चालवायची सवय होती. स्पार्क प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी साफ. ऑइल मी किमी न बघता दर सहा महिन्यांनी बदलतो, कारण छोट्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही आणि ओलावा-पेट्रोल ऑइलमधेच राहतं. पुस्तकात 10 हजार किमी लिहिलंय म्हणून आपल्यासारख्यांनी दीड वर्ष तेच ऑइल ठेवायचं नाही. एप्रिल-मे मधे एसी लावून दोन-दोन तास अडकलो, टेंपरेचरची काही तक्रार नाही. खंबाटकी घाटात चार माणसं, सामान आणि एसी असेल तर दुसरा गिअर लागतो, टर्बो नसलेल्या 1.2 ला तेवढं सोसायला हवं. साताऱ्याला जाताना 18-19 मिळतं.

ई20 ची (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) काळजी मलाही होती, गाडी 2023 च्या आधीची, म्हणजे ई20 साठी बनवलेली नाही. इथेनॉलमधे ऊर्जाच पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं उतरणारच. मी दर सर्व्हिसला फ्युएल लाइनचे रबर पाइप आणि जोड बघून घेतो, अजून तरी कोरडे आहेत, आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची वेळ आली तर टाकी अर्धी न ठेवता भरून ठेवतो.

माझा धाकटा भाऊ नाशिकला असतो, रोज सिन्नरला एमआयडीसीत जातो, जाऊन-येऊन साठ किमी, सगळा मोकळा हायवे. त्यालाही माझ्यासारखीच पेट्रोल घ्यायची होती. त्याला मीच बसवून हिशोब दाखवला आणि मार्चमधे 2019 ची डिझेल शोधून दिली, त्याच थंड इंजिनाच्या तपासणीने. परवा फोनवर सांगत होता, 23 देतेय.